पुनर्विकास आणि पन्नाशीपुढची झाडं

‘झाड सोसायटीच्याच आवारात आहे, मग तोडायला परवानगी कशाला?’ असा प्रश्न पुनर्विकासाच्या वेळी पडतो, त्यावर थोडं. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा खासगी जागेलाही लागू आहेच. पण २०२१ च्या दुरुस्तीनं पुनर्विकासवाल्यांचं गणित पार बदललं. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता ‘प्राचीन वृक्ष’, आणि भरपाईची झाडं लावायची ती तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी. म्हणजे साठीचा एक आंबा गेला की ६० रोपं. तीही नर्सरीतली वीतभर नव्हेत, ६ ते ८ फुटी, आणि पुढे ७ वर्षं जगवायची.

बिल्डर ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणेल. सोडू नका. रोपं कुठे लावणार, पाणी कोण घालणार, हे करारनाम्यात लिहून घ्या. पोडियम पार्किंग (आवारभर स्लॅब टाकून केलेलं पार्किंग) झाल्यावर आवारात माती उरणार किती? झाडाच्या वयावरूनही वाद होतात आणि वयाचा अंदाज घेरावरून बांधतात, तेव्हा अर्जाआधीच प्रत्येक खोडाचा घेर टेपनं मोजून फोटो काढून ठेवा.