सर्व्हरची की एचएसएममध्ये ठेवायची की फाईलमध्येच बरी?

रात्रपाळी: आमच्या टीममध्ये सध्या यावरून जुंपलीये. सर्व्हरची प्रायव्हेट की (सर्व्हर जिने स्वतःची ओळख पटवतो ती गुप्त किल्ली) डिस्कवर साध्या फाईलमध्ये पडलीये, परमिशन ६०० (फाईल फक्त मालकाला वाचता येईल अशी) दिली की झालं म्हणतात. माझं म्हणणं एचएसएम, म्हणजे की सांभाळणारा वेगळा हार्डवेअर डबा घ्या, की त्या डब्यातून बाहेर येतच नाही, डेटा आत पाठवायचा नि सही घेऊन यायचं. २०१४ चा हार्टब्लीड विसरलात का, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या एका चुकीमुळे कोणीही लांब बसून सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे परत परत ओढू शकत होता. वेबसाइटांना सुरक्षा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीला वाटलं यातून की मिळणं अवघड, मुद्दाम एक सर्व्हर उघडा ठेवून आव्हान दिलं, तर त्याच दिवशी काढून दाखवली लोकांनी. (मराठीत ‘की’ लिहिताना होणारा घोळ समजून घ्या.)

तिरकमठा: आणि डिजिनोटार? नेदरलँड्सची, वेबसाइट खरी असल्याचं सर्टिफिकेट देणारी कंपनी, २०११. एचएसएम होतेच ना त्यांच्याकडे! चोराने की नेलीच नाही, नेटवर्कमध्ये शिरून त्याच डब्याकडून पाचशेवर खोटी सर्टिफिकेटं सही करून घेतली, त्यातलं गूगलचं इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. सप्टेंबरात दिवाळं. आपल्याकडे तरी काय, डीएससीचे (डिजिटल सहीचे) यूएसबी टोकन चार्टर्ड अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून, पिन त्यावरच चिकटवलेला 😄

रात्रपाळी: मान्य, पण वापरणं वेगळं नि नेणं वेगळं. चोराला हाकलला की डब्यातली सही थांबते, फाईल कॉपी झाली असेल तर तो घरी बसून सह्या करत राहील आणि तुम्हाला पत्ताही नाही.

तिरकमठा: वेबसर्व्हरला एवढं कशाला पण? टीएलएस १.३ मध्ये (वेबवरच्या एन्क्रिप्शनची आवृत्ती) की चोरून जुनं ट्रॅफिक उलगडत नाही, सर्टिफिकेट ९० दिवसांचं, दर वेळी नवी की बनवा. डबा सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांना आणि कोड सायनिंगला (सॉफ्टवेअरवर सही करायला) ठीक, कोड सायनिंगला तर २०२३ पासून सक्तीच आहे.

जुनाट_अ‍ॅडमिन: दोघंही चिप नीट असते असं धरून चाललात. २०१७ चं रोका नावाचं भगदाड आठवा, इन्फिनिऑनच्या चिपमध्ये बनवलेल्या आरएसए की कच्च्या निघाल्या, युबिकी ४ (यूएसबी सुरक्षा टोकन) बदलून द्यावे लागले, एस्टोनियाची ओळखपत्रं अडकली. आणि डबा मेला तर? बॅकअपला दुसरा डबा लागतो, तो बजेटमध्ये धरलाय का रात्रपाळी?

रात्रपाळी: नाही धरला 😐 उद्या विचारतो.