मदत हवी आहे : एजंट स्वतःच्या किल्लीने दार उघडून घरात येतो

रातराणी_पुणे
कुणीतरी लवकर सांगा, तो उद्या सकाळी परत येणार आहे. माझी रात्रपाळी असते, सकाळी आठला झोपते. आज साडेअकराला लॅच उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर हॉलमध्ये एजंट, एक जोडपं आणि त्यांची दोन मुलं. बेल नाही, फोन नाही. मी गाऊनवर. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही झोपा, आम्ही बघून घेतो." मग बेडरूममध्ये जाऊन माझं कपाट उघडून दाखवलं आणि मोबाइलवर व्हिडिओही काढला. स्टँडवर माझे आतले कपडे वाळत होते, तेही त्यात आले असणार. मालकांना फोन केला तर म्हणाले, "घर आमचं आहे, दाखवायला नको का?" हे चालतं का? पोलिसांत जाऊ का?

सदाशिव५२
करार रजिस्टर आहे का? लिव्ह अँड लायसन्सच ना, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला दिल्याचा? आणि घर दाखवतायत कशासाठी? विकायचंय, की तुम्ही सोडताय?

हातोडी
एवढं सगळं कशाला? लॅचचं सिलिंडर बदला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, अर्ध्या तासाचं काम. मी प्रत्येक भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी बदलतो. जुनं पिशवीत जपून ठेवायचं आणि घर सोडताना परत बसवायचं.

नाशिककर_मालक
मालकाला न सांगता असले उद्योग करू नका. मी स्वतः मालक आहे. गेल्या मे महिन्यात भाडेकरू गावाला गेले होते आणि फ्लश टँकचा पाइप फुटला. खालच्यांच्या छतातून पाणी गळायला लागलं. माझ्याकडे किल्ली होती म्हणून निभावलं.

हातोडी
पाइप फुटला म्हणून आत जाणं वेगळं आणि झोपलेल्या बाईच्या घरात गिऱ्हाईक आणणं वेगळं. दोन्ही एका मापात मोजू नका.

लेस्टरवासी
इथे इंग्लंडमध्ये 1985च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टप्रमाणे घराची अवस्था बघायला यायचं असेल तर मालकाला 24 तास आधी लेखी कळवावं लागतं. आपल्याकडे हे कधी होणार?

सदाशिव५२
त्या पुण्यात आहेत हो. ताई, माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. आणि दाराला आतून कडी लावत नाही का?

रातराणी_पुणे
कडीचा कोयंडा मोडलाय. तीन महिने मालकांच्या मागे लागलेय, "माणूस पाठवतो" एवढंच म्हणतात. करार रजिस्टर आहे, 11 महिन्यांचा. घर मीच सोडतेय, महिन्याची नोटीस दिलीय, 24 दिवस उरलेत. करारात "पूर्वसूचना देऊन योग्य वेळी पाहणी करता येईल" असं वाक्य आहे. पण मी विचारलं होतं पोलिसांचं.

भाडेकरू_नेहमीचा
डिपॉझिट सांभाळा! माझ्या मालकाने रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडं कापून घेतलं. भिंतीवर साधा खिळासुद्धा मारला नव्हता मी.

वकिलीण
नोटीस दिलीय हे आधी लिहायला हवं होतं. घर दाखवणं मालक थांबवणार नाहीत, पण कसं दाखवायचं याला नियम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 28 : मालकाला पाहणीचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. भाड्याने दिलेली आणि लायसन्सवर दिलेली, दोन्ही जागा त्यात स्पष्ट येतात. खिशात किल्ली असणं म्हणजे सूचना नव्हे. किती तास आधी हे कलमात नाही, म्हणून वेळ तुम्हीच लेखी ठरवून द्या. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात 24 तास आहेत, पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, त्याचा हवाला देऊ नका.

घटनाप्रेमी
2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय! सरळ घरात घुसल्याची तक्रार करा. भारतीय न्याय संहिता, कलम 329.

वकिलीण
निकाल मोठाच आहे, पण उद्या सकाळी दारात उभ्या असलेल्या एजंटला तो वाचून दाखवून काय होणार? 329मध्ये हेतू दाखवावा लागतो : गुन्हा करणं, धमकावणं, अपमान करणं किंवा त्रास देणं. शिवाय लायसन्समध्ये कायद्याने जागेचा ताबा मालकाकडेच राहतो, असं समोरचे म्हणणार आणि ठाण्यावर "दिवाणी मामला आहे" हे ऐकावं लागणार. म्हणून आत्ताच मालकांना मेसेज करा. एजंटला नाही, मालकांना, करार त्यांच्याशी आहे. "घर दाखवायला हरकत नाही. संध्याकाळी 5 ते 7, आदल्या दिवशी कळवून, माझ्यासमोर. कपाटं उघडायची नाहीत, व्हिडिओ काढायचा नाही, काढलेला पुसायचा. एजंटकडची किल्ली परत घ्या." हे पोचल्यावरही तो किल्ली लावून आत आला, तर 112 लावा. "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय त्याला उरणार नाही.

नाशिककर_मालक
हे मालक म्हणूनही मला पटतं. आणि कोयंडा आजच बसवून घ्या ताई, मोडलेली कडी दुरुस्त केली म्हणून कुठलाही मालक भांडणार नाही. बिल ठेवा.

रातराणी_पुणे
मेसेज पाठवला. मालकांचं उत्तर : "ठीक आहे, उद्या साडेपाचला." किल्लीबद्दल अवाक्षर नाही. सुतार सातला येतोय, मी आज सुट्टी टाकलीय. एजंट म्हणतो व्हिडिओ पुसला. पण आत्ता मैत्रिणीने लिंक पाठवली, भाड्याच्या जाहिरातीत माझी बेडरूम आहे. निळी चादर, उशाशी आईचा फोटो. स्टँड अर्धा दिसतो.

वकिलीण
आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि लिंक दिसेल असे. मग त्या साइटवर तक्रार करा आणि तेच स्क्रीनशॉट मालकांना पाठवा. क्रम चुकवू नका, जाहिरात आधी उतरली तर हातात काहीच राहणार नाही.

रातराणी_पुणे
घेतले. सुतार आलाय, नंतर लिहिते.