लिव्हरपूल: नवी आदिदासची जर्सी की जुनी नायकीची? (बडोदे) – मदत हवी आहे

सुरसागरकाठ

मंडळी, एक वाद आहे आणि एक कपड्याची अडचण. दोन्हींत मदत हवी.

आम्ही बडोद्यातले लिव्हरपूलवाले, म्हणजे त्या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते, दांडिया बाजारात एका मित्राकडे जमून सामने बघतो. १ ऑगस्ट २०२५ पासून क्लबची जर्सी नायकीऐवजी आदिदास बनवते आणि तेव्हापासून आमच्यात खडाजंगी चालू आहे. बहुतेकांना सगळ्यांसाठी नव्या होम जर्सी एकगठ्ठा मागवायच्या आहेत. खांद्यावरच्या तीन पांढऱ्या पट्ट्या परत आल्या, यातच ते खूश. दोघंतिघं म्हणतात, २०२४-२५ची इंग्लंडची लीग, क्लबची विसावी, नायकीच्या जर्सीत जिंकली, जुना माल आता सवलतीत मिळतोय, तोच घेऊ.

खरा पेच माझ्या भाच्याचा आहे. त्याच्याकडे त्याच मोसमाची नायकीची जर्सी आहे, पाठीवर आपला खेळाडू दिओगो जोटा याचं नाव, २० नंबर. २ एप्रिल २०२५ला एव्हर्टनविरुद्ध १-० जिंकलो तो गोल जोटाचा. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी आम्ही सगळे जागे होतो. लिव्हरपूलसाठी तो त्याचा शेवटचा गोल ठरला. ३ जुलैला स्पेनमधल्या मोटार अपघातात तो आणि त्याचा भाऊ दोघेही गेले. क्लबने २० नंबर कायमचा बाजूला ठेवला. लिव्हरपूलच्या आदिदास जर्सीत जोटा एकही सामना खेळला नाही, म्हणून भाचा नवी घ्यायला तयार नाही. गटाला मात्र फोटोत सगळे सारखे दिसायला हवेत. मला पोराचं म्हणणं मनापासून पटतं, पण त्यावरून त्याने यायचं बंद करू नये एवढंच वाटतं. तुमच्या गटात असं झालं तेव्हा काय केलंत?

आणि अडचण अशी की धुऊन धुऊन त्या जर्सीवरच्या शून्याची कड सुटायला लागली आहे. ती परत बसवता येते का? नवी घ्यायची झाली तर खरी-खोटी कशी ओळखायची, तेही सांगा. आमच्यातल्या एकाला ऑनलाइन मिळालेल्या जर्सीचं नाव दुसऱ्याच धुण्यात निघून आलं.

तीन_पट्ट्या

दादा, भाच्याला त्याची जर्सी घालू द्या, त्यात वाद नको. पण नव्या जर्सीबद्दलचा आनंद नुसत्या फॅशनचा नाही. १९८५ ते १९९६ आणि पुन्हा २००६ ते २०१२ आपण आदिदासमध्येच खेळलो. १९९०ची लीग जिंकली तेव्हा छातीवर प्रायोजक कँडीचं नाव आणि बाजूला आदिदास होतं. माझ्या मोठ्या भावाने ते फोटो मासिकांतून कापून ठेवलेत. २०२५-२६च्या हिरवट रंगाच्या तिसऱ्या जर्सीवर आदिदासचं ते जुनं तीन पानांचं चिन्हसुद्धा आलंय. आम्हाला ते बघून भरून येतं.

रावपुरा_रेड

पट्ट्या छान आहेत, मान्य. पण कंपनीवर इतका जीव टाकू नका. १९९० नंतरची लीग थेट २०२०ला आली. मधल्या तीस वर्षांत आदिदास होतं, रीबॉक होतं, परत आदिदास, मग वॉरियर, मग न्यू बॅलन्स. चॅम्पियन्स लीगचे अंतिम सामने बघा: इस्तंबूल २००५ रीबॉकमध्ये जिंकलो, माद्रिद २०१९ न्यू बॅलन्समध्ये, आणि २००७चा अथेन्सचा अंतिम सामना आदिदासमध्ये हरलो.

न्यू बॅलन्सबरोबर काय झालं आठवतं ना? नायकीच्या प्रस्तावाची बरोबरी करायचा हक्क त्यांना करारातच होता. तरी २०१९च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या कोर्टात ते हरले, कारण लेब्रॉन जेम्स, सेरेना विल्यम्स यांच्या तोडीचे चेहरे घेऊन जाहिरात करायची हमी त्यांच्या प्रस्तावात नव्हती. नायकीची ठरलेली रक्कम तेव्हाच्या बातम्यांनुसार वर्षाला ३ कोटी पौंड, वर विक्रीतला वीस टक्के वाटा. म्हणजे जर्सी जितकी खपेल तितका क्लबला पैसा. करार असे होतात. पोराच्या पाठीवरचा जोटा त्या हिशेबात बसत नाही आणि बसवूही नका.

कॉप_पुण्याहून

कडेबद्दल सांगते. आतल्या बाजूचा गोंद शिल्लक असेल तर बसते. जर्सी टेबलावर सपाट पसरा, सुटलेल्या कडेवर बटर पेपर ठेवा, इस्त्री सिंथेटिकवर, वाफ पूर्ण बंद. नुसती दाबून धरायची, घासायची नाही. काही सेकंदांत उचला आणि गार होईपर्यंत कागद सोडवू नका. पॉलिस्टर जास्त तापलं तर चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून आधी खालच्या शिवणीजवळ बघून घ्या. गोंदच गेला असेल तर टी-शर्ट छापणाऱ्यांकडे हीट प्रेस असतो, त्यांना दाखवा. पुढे धुताना उलटी करून, गार पाण्यात, ब्रश न लावता. वाळत सावलीत घाला, बडोद्याच्या उन्हात नको.

आदिदासच्या जर्सीत आतल्या छोट्या लेबलवर अक्षरं आणि आकड्यांचा कोड असतो. तो इंटरनेटवर शोधला की नेमकी तीच जर्सी दिसली पाहिजे, दुसराच बूट किंवा पँट दिसली तर माल खोटा. कोड जुळला तरी निर्धास्त होऊ नका, नकलेवरही तो छापतात. शिवण आणि विकणारा कोण, दोन्ही बघा. आणि साधी जर्सी घ्या. खेळाडूंसाठीची अंगाला घट्ट बसते आणि तिच्यावरचं क्लबचं चिन्ह चिकटवलेलं असतं, तुमच्या हवेत आणि धुण्यात साधीच जास्त टिकेल.

सुरसागरकाठ

ताई, कड बसली. भाच्याने स्वतः इस्त्री धरली, मी फक्त कागद धरला होता. गटात रावपुरावाल्यांचा मुद्दा वाचून दाखवला. ज्याला हवी त्यानेच नवी घ्यायची असं ठरलं, आणि फोटोत भाचा पाठ करून उभा राहणार, नंबर दिसायला हवा असं बाकीच्यांनीच सांगितलं. आता एकच राहिलं: नायकीत मला एल बसायची. आदिदासची साधी जर्सी घेतलेल्या कुणी सांगाल का, तोच साइज चालेल की एक मोठा घ्यावा?