‘माउस मॉडेल’ला मराठीत काय म्हणावं?

कळंब्याची ताई: रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. एमईसीपी२ जनुकातल्या बिघाडामुळं हा आजार होतो हे १९९९ मध्ये कळलं, २००१ मध्ये तेच जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. माणसाचा आजार अभ्यासायला असे उंदीर वापरतात, तेच ‘माउस मॉडेल’. मी ‘उंदीर-नमुना’ लिहिलं. राजारामपुरीतल्या एका आईनं वाचून विचारलं, “म्हणजे उंदराचं रक्त तपासतात होय?” मुलीच्या रक्ताचे नमुने देऊन देऊन तिच्यापुरता या शब्दाचा तेवढाच अर्थ उरलाय. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमराठी: ‘प्रतिरूप’ घ्या. नमुना मुळात फारसी. कवी माधव जूलियन इथंच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसीचे एवढे जाणकार, तरी भाषाशुद्धीची बाजू घेतली त्यांनी.

पंचगंगाकाठ: ‘बाजू’ पण फारसीच की हो. ती चालते, मग नमुन्यानं काय घोडं मारलंय?

प्राणिशास्त्रवाला: लॅबमध्ये सगळे ‘मॉडेल’च म्हणतात. तेच ठेवा.

उद्यमनगर: तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतोय, ज्यावरनं ओतकामाचा साचा उठवतात ते. पॅटर्न मालाच्या मापाचा कधीच नसतो, जरा मोठा ठेवावा लागतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बिडाला वेगळी सूट, ॲल्युमिनियमला वेगळी. फरक किती ते ठाऊक असतं, म्हणून माल मापात येतो. उंदीर आणि लेकरू यांच्यातला फरक असा मोजलाय का कुणी? ‘प्रतिरूप’ म्हटलं की हुबेहूब वाटतं.

कळंब्याची ताई: दादा, माझी अडचण नेमकी हीच. फरक पुरता मोजलेला नाही. आजार होतो तो बहुतेक करून मुलींनाच, प्रयोग मात्र बरेचसे नर उंदरांवर झाले, कारण त्यांच्यात लक्षणं लवकर दिसतात. २००७ मध्ये एडिनबर्गच्या एड्रियन बर्ड यांच्या गटानं बंद ठेवलेलं जनुक पूर्ण वाढ झालेल्या उंदरांत परत चालू केलं आणि लक्षणं मागं हटली. पालक ही बातमी ‘आपली पोरगी बरी होणार’ अशी वाचतात. फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या एका जनुकीय आजारात उंदरांना लागू पडलेली औषधं माणसांवरच्या चाचण्यांत टिकली नाहीत. म्हणून शब्द जपून हवाय.

गुजरीतला: ‘मूस’ बघा. संस्कृतात मूषा म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, आणि उंदीरसुद्धा! इंग्रजी माउसही त्याच कुळातला. आमच्या दुकानात मूस रोज हातात असते, शब्द जिवंत आहे.

उद्यमनगर: मुशीत नुसतं वितळतं. आकार साच्यात येतो. दोन्ही एक करू नका.

गुजरीतला: ‘एकाच मुशीतले’ म्हणतो ते आकारावरनंच की.

शुद्धमराठी: तो अर्थ मागाहून चिकटलाय.

पंचगंगाकाठ: ताई, पत्रकात पुढं रॅट आला तर ‘घूस’ लिहू नका. घूस वेगळी. उसाच्या बांधावर बिळं करते ती.

प्राणिशास्त्रवाला: मग रॅटला काय, ‘मोठा उंदीर’? मोठ्या वयाचा वाटेल.

पंचगंगाकाठ: आमच्या आज्जीकडं लहान ती उंदरी, मोठा तो उंदीर. करवीरच्या खेड्यांत अजून कुणी असं म्हणतं का?