कॉलम जुळत नसले की ‘एनए’ भरून मोकळं व्हायचं?

गोदाकाठ:
आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांना इथं सल्ला दिलाय: “वर्षावर्षाच्या तक्त्यांचे कॉलम जुळत नाहीत? आरबाइंड सोडा, बाइंड-रोज वापरा, एरर येत नाही.” ही दोन्ही फंक्शनं तक्ते एकाखाली एक जोडतात. एरर येत नाही हेच तर दुखणं आहे. ज्वारीच्या क्षेत्राचे तक्ते घ्या, जिल्हे कॉलममध्ये. १९८० ला मराठवाड्याचे पाच कॉलम, २००० ला आठ. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. बाइंड-रोज जुन्या ओळींत या तिन्हींखाली एनए भरतं. एनए म्हणजे आकडा माहीत नाही. इथं हिंगोलीचा आकडा परभणीच्या पोटात पडलेला आहे! मग परभणीचा आलेख काढून कुणीतरी लिहितो, १९९९ नंतर ज्वारी घसरली. आरबाइंड जागीच अडवतं: कॉलमची संख्या जुळत नाही. ते अडवणंच हवंय.

मांजरा:
काय सांगायलात! दोष मांडणीचा आणि शिव्या बाइंड-रोजला. जिल्हे कॉलममध्ये ठेवलेच कशाला? जोडायच्या आधी प्रत्येक तक्ता उभा करा: वर्ष, जिल्हा, क्षेत्र. तीनच कॉलम.
आणि आरबाइंडची एवढी तरफदारी नको. पावसाच्या कॉलममध्ये एका तालुक्यानं ‘निरंक’ लिहिलं की आरबाइंड अख्खा कॉलम गुपचूप मजकूर करून टाकतं. बाइंड-रोज तिथं एरर देऊन थांबतं. एका तक्त्यात हेक्टर, दुसऱ्यात शंभर हेक्टर, नाव दोन्हीकडं ‘क्षेत्र’, तर दोघंही बिनबोभाट चिकटवतात.

गोदाकाठ:
निरंकचं मान्य, तेवढ्यापुरतं. पण तक्ता उभा केला की १९९८ ची हिंगोलीची ओळच राहत नाही. एनए निदान डोळ्यांना दिसतो. खरा उपाय जुन्या हद्दीवर बेरीज. तीही सरळ नाही. परतूर परभणीतून जालन्यात गेलं, म्हणून १९८० शी तुलना करायची तर औरंगाबाद, जालना, परभणी, हिंगोली हा एकच गट धरावा लागतो. आणि बेरीज क्षेत्राची नि उत्पादनाची. हेक्टरी उताऱ्याची सरासरी काढायची तर क्षेत्राचं वजन देऊनच.

आसना:
तुम्ही दोघं फंक्शनवरून भांडायलात, घाण शीर्षकांत आहे. ‘शेतकऱ्यांची संख्या’ हा कॉलम बघा. यातला ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो: युनिकोडचा ०९३१ चा ऱ, हलन्त आणि य, नाहीतर साधा र, हलन्त, न दिसणारा जॉइनर आणि य. पडद्यावर तंतोतंत एक. बाइंड-रोज दोन कॉलम करतं, दोन्ही अर्धे एनए. मग पहिल्या कॉलमची एनए गाळून तालुकावार बेरीज घेतली की निम्म्या तालुक्यांत शेतकरी शून्य! एनए गाळल्यावर काहीच उरलं नाही तर आर शून्य देतं.

मांजरा:
म्हणूनच शीर्षकं रोमनमध्ये ठेवावीत.

आसना:
कामून? तक्ते तलाठी, कृषी सहायक मराठीत भरतात, वाचणारे मराठी. रोमननं काय सुटतं? जुन्या तक्त्यांत एकट्या बीडचीच रोमन स्पेलिंगं तीन: दोन ई, एक आय, शिवाय ‘भीर’. तुमच्या सोयीसाठी भाषा टाकायची नाही.

मांजरा:
भाषा टाका असं कुठं म्हटलं? उगा तोंडात घालू नका. कोडमधलं नाव वेगळं, छापायचं शीर्षक वेगळं.

आसना:
ती दोन नावं जुळवणारा तक्ता कुणीतरी हातानंच करणार ना? त्यात चूक झाली तर ती कोण धरणार? एक ओळ पुरते: र-हलन्त-जॉइनरच्या जागी ऱ-हलन्त घाला, पुढं-मागं सुटलेली स्पेस काढा. नुसतं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, इथं चालत नाही, ते या दोन रूपांना एक मानत नाही.

दुधना:
जोडायच्या आधी सेटडिफ, म्हणजे एका यादीत आहे पण दुसरीत नाही ते दाखवणारं फंक्शन, शीर्षकांवर दोन्ही बाजूंनी चालवा. एकाच बाजूनं चालवलं तर निम्मेच फरक दिसतात. जिल्ह्यासाठी नाव नको, कुठल्यातरी एकाच जनगणनेचा कोड सगळीकडं घ्या. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, कोड तोच राहतो.

गोदाकाठ:
कोड बरोबर. पण परभणीचा कोड १९९९ आधी आणि नंतर तोच धरलात तर माझी पहिली तक्रार तशीच उभी आहे. कोडासोबत हद्दीचं वर्ष हा कॉलम लागेल.

मांजरा:
तो लागेल. बाइंड-रोजच वापरून.