झायनच्या नॅरोजची सहल : महिना आणि मार्ग

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

यंदाच्या सहलीसाठी अमेरिकेच्या यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानाची नॅरोज घळ निवडावी आणि वरच्या टोकाच्या चेंबरलेन्स रँचपासून खालच्या टोकाच्या टेंपल ऑफ सिनावावापर्यंतची सुमारे 26 किलोमीटरची संपूर्ण वाट ऑगस्टमध्ये एका दिवसात चालावी, असा विचार आहे. अनेकांनी सांदण दरी केलेली असल्यामुळे फारशी अडचण येऊ नये. सूचना अवश्य कळवाव्यात.

सहल समिती

समितीस सादर नमस्कार,

जागा उत्तम आहे. महिना आणि मार्ग मात्र बदलावा, असा माझा आग्रह आहे. सांदणमध्ये आपण पावसाळा सरल्यावर उतरतो, तर नॅरोजमध्ये व्हर्जिन नदीचे पात्र हीच वाट आहे आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्या भागात दुपारी वादळी सरी कोसळतात. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. त्यामुळे डोक्यावर निळे आकाश असतानाही कित्येक मैलांवर पडलेला पाऊस लोंढा होऊन घळीत शिरतो. वॉल स्ट्रीट नावाच्या टप्प्यात तर सुमारे 300 मीटर उंचीचे कडे काही ठिकाणी सहा ते नऊ मीटरवर समोरासमोर येतात आणि चढून जायला जागाच उरत नाही. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा काटक्या वाहत येऊ लागल्या, तर कोणाची वाट न पाहता उंच जागा गाठायची, हे प्रत्येकाला आधीच सांगावे लागेल, कारण आत फोनला रेंज नसते.

म्हणून ऑक्टोबरचा आरंभ बरा. वरून खाली येण्यासाठी परवाना लागतो. खालून, सिनावावापासून घळीतल्या बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत जाऊन परतण्यास लागत नाही, आणि जो जिथे दमेल त्याला तिथूनच मागे फिरता येते. ज्येष्ठ सभासद आणि मुले बरोबर असताना हीच मोठी सोय आहे. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांवर गेल्यास उद्यान घळ बंद ठेवते, हेही लक्षात असावे.

तळाचे गोटे गुळगुळीत असतात. काठी आधी रोवावी, मग पाऊल टाकावे. बोटे झाकणारे पक्के बूट हवेत, उघड्या चपला नकोत. 2020 मध्ये या नदीत सायनोबॅक्टेरिया हे विषारी सूक्ष्मजीव आढळले असून त्यांचे विष साध्या गाळणीने निघत नाही. पिण्याचे पाणी पाठीवर न्यावे आणि मुलांना पाण्यात डोके बुडवू देऊ नये.

एक सभासद

सप्रेम नमस्कार,

दोन्ही सूचना समितीस मान्य आहेत. उद्यानाची शटल बस सुरू असताना घळीच्या तोंडापर्यंत खासगी गाड्या नेता येत नाहीत, म्हणून परतण्याची वेळ शेवटच्या शटलवरून ठरवू. एकच प्रश्न उरतो : त्या सकाळी हवामान बिघडलेले दिसल्यास निर्णय कोणी घ्यावा?

सहल समिती

समितीस नमस्कार,

सकाळचा पुराचा अंदाज पाहून समितीतील एकाच व्यक्तीने निर्णय घ्यावा आणि तिचे नाव आजच ठरवावे. पुराची दाट शक्यता वर्तवली असल्यास नदीत न उतरता काठच्या रिव्हरसाइड वॉकवरूनच परतावे. आपल्या मंडळाची परंपरा ठाऊक असल्यामुळे लिहितो, की यावर तिथे उभे राहून मतदान घेऊ नये.

एक सभासद