जुन्या कॉम्प्युटरवर कुठला गेम?

खानापूरकर: ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमचा कंटाळा आलाय. काय खेळू?

शहापूरचा गडी: एज ऑफ एम्पायर्स २ घे की, राज्य वाढवून लढाया करायचा गेम! १९९९ चा गेम, मी अजून खेळायलोय. गोळीबारात नुसती बोटं पळतात, इथं डोकं लागतंय. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या त्याच्या जोडभागात द्रविडियन हा नवा पक्ष आला. त्यांना पुढच्या युगात गेलं की २०० लाकूड फुकट. घोडदळ कच्चं, पण मला द्रविडियनच आवडतात, भालेवाल्यांच्या जोरावर लढायची मजा वेगळी. नकाशा लहान ठेव, अडकणार नाही.

निपाणीकर: व्हाइस सिटी बघा, २००२ चा, हलका.

शहापूरचा गडी: छान आहे ओ, पण मिशन संपली की नुसतं गाडी फिरवत बसायचं. एज दोस्तांबरोबर खेळा, दर वेळी डाव नवा.

खानापूरकर: द्रविडियन घेऊनच सुरू करतो.